न्याहारीसाठी फळे व पालेभाजीची स्मूदी : पानाची निवड, कृती आणि शेतातील स्वच्छता

फळे, हिरवी पाने आणि दही किंवा पाणी एकत्र वाटून तयार होणारे दाट पेय, म्हणजेच स्मूदी, आता शहरांपुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावांतही व्यायामशाळेत जाणारे तरुण आणि सकाळी शेतावर निघण्यापूर्वी स्वयंपाकाला वेळ नसलेली कुटुंबे हे पेय घेऊ लागली आहेत. पालेभाजी उत्पादकांना त्यात नवा ग्राहक दिसतो. परंतु या बदलाची एक बाजू सहसा चर्चेत येत नाही. भारतीय स्वयंपाकघरात पालेभाजी बहुतेक वेळा शिजवून खाल्ली जाते. शिजवताना उष्णतेने रोगजंतू मरतात आणि पाने उकळून पाणी टाकले तर ऑक्झलेटचा मोठा भागही निघून जातो. तेच पान कच्चे वाटून प्यायले जाते तेव्हा हे दोन्ही लाभ नाहीसे होतात. स्वयंपाकघरातील चूल जे काम करत होती, ते आता पानाच्या निवडीने आणि शेतातील स्वच्छतेने करावे लागते. कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी ही पाककृती शिकवण्यापूर्वी एवढा मुद्दा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पानांचे पेय ही कल्पना आपल्या भागाला परकी नाही. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर ओव्याची पाने किंवा ब्राह्मीची पाने ओले खोबरे, जिरे व मिरी यांसह वाटून ताकात मिसळतात; त्यास तंबुळी म्हणतात. अनेक घरांत ही पाने वाटण्यापूर्वी थोड्या तुपावर परतली जातात, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. श्रीलंकेत पानांचा रस, तांदूळ व नारळाचे दूध यांची पातळ पेज न्याहारीला घेण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रातील मठ्ठ्यातही वाटलेली कोथिंबीर असतेच. फरक प्रमाणाचा आहे. मठ्ठ्यात चिमूटभर कोथिंबीर असते, तर स्मूदीत मूठभर, काहींच्या बाबतीत दोन-तीन मुठी कच्चे पान एका वेळी पोटात जाते.

पान कोणते घ्यावे

पाश्चात्त्य पाककृतींत ज्या पालकाचा उल्लेख असतो, तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या बाजारातील पालक नव्हे. आपला देशी पालक बीटच्या कुळातील बीटा वल्गॅरिसचा प्रकार आहे; ऑल ग्रीन, पुसा ज्योती, पुसा भारती हे त्याचे वाण. विलायती पालक स्पिनेशिया ओलेरेशिया ही निराळी वनस्पती असून तिची लागवड थंड हवेच्या भागांत अधिक होते. चवीत फरक असला तरी ऑक्झलेटच्या बाबतीत दोन्ही पालक सारखेच सावधगिरीचे आहेत.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्य घटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ताज्या पालकात सुमारे 3 मिलिग्रॅम लोह, 82 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. हिरव्या माठात लोह सुमारे 4.6 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम 330 मिलिग्रॅम, तर शेवग्याच्या पाल्यात लोह जवळपास तितकेच, कॅल्शियम 314 मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व 100 मिलिग्रॅमच्या वर आहे. लोहासाठी पालक ही समजूत जुनी आणि घट्ट आहे, पण तक्त्यांपुढे ती टिकत नाही. परसबागेतील माठ आणि बांधावरचा शेवगा या दोन्ही बाबतींत पालकाच्या पुढे आहेत, आणि त्यांना खर्चही कमी येतो.

याउलट ऑक्झलेट पालकात भरपूर असते. माठ, चाकवत आणि आंबट चुका यांतही ते कमी नाही. विद्राव्य ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन मूत्रावाटे बाहेर पडते आणि कॅल्शियमशी संयोग पावून मूतखडा होण्यास हातभार लावू शकते. प्रमाणात खाल्ल्यास निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही. अतिरेकाची गोष्ट वेगळी. 2018 साली अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक एका वैद्यकीय नियतकालिकात 65 वर्षांच्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. केवळ ऑक्झलेटयुक्त हिरव्या पानांच्या स्मूदीवर राहण्याचा उपक्रम तिने केला आणि तिचे मूत्रपिंड निकामी झाले. तिच्या पोटावर पूर्वी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याआधी तिला दीर्घकाळ प्रतिजैविके दिली गेली होती. या दोन्ही कारणांनी आतड्यातून ऑक्झलेटचे शोषण वाढते. म्हणजे ही घटना अपवादात्मक होती. तरीही ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली दिवसभर हिरवा रसच प्यावा, असा सल्ला समाजमाध्यमांवरून फिरतो तेव्हा विस्तार कार्यकर्त्याला ही नोंद ठाऊक असलेली बरी.

यातून व्यवहार्य मार्ग निघतात. माणशी 30 ते 40 ग्रॅम, म्हणजे एक लहान मूठ, एवढेच पान घ्यावे. रोज एकच पान न घेता आलटून पालटून वापरावे. मेथी आणि कोथिंबिरीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने फारच कमी असते; पालकात त्यांची भर घालून पालकाचे प्रमाण निम्म्यावर आणता येते. पालक किंवा माठ वापरायचाच असेल तर पाने उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात टाकावीत, पिळून घ्यावीत आणि उकळलेले पाणी फेकून द्यावे. विद्राव्य ऑक्झलेटचा बराच अंश त्या पाण्यात जातो, पानांवरील जंतूही मोठ्या प्रमाणात मरतात. यात काही क जीवनसत्त्व गमावले जाते हे खरे, पण ते फळातून सहज भरून निघते. पेयात दही घातल्यास त्यातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, हा आणखी एक फायदा.

शेवग्याचा पाला पौष्टिक असला तरी उग्र व कडवट असतो. सुरुवात माणशी 10 ते 15 ग्रॅम कोवळ्या पाल्यापासून करावी. पेरियाकुलमचा पीकेएम-1 किंवा दापोलीचा कोकण रुचिरा हे वाण शेंगेसाठी लावले जातात. छाटणीनंतर येणारी कोवळी फूट त्यांच्यापासून सहज मिळते आणि एरवी ती जनावरांपुढेच जाते.

फळाचे काम

स्मूदीत फळ केवळ गोडीसाठी घालतात, ही समजूत अपुरी आहे. पालेभाजीतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. त्याच वेळी क जीवनसत्त्व पोटात असेल तर शोषण वाढते. म्हणून क जीवनसत्त्वाचे समृद्ध फळ हेच या पेयाचे खरे अंग होय. या बाबतीत पेरूला तोड नाही. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असते, आवळ्यात 250 मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची दैनंदिन गरज 65 मिलिग्रॅम आहे. म्हणजे अर्धा पेरूही पुरेसा. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात 1927 साली निवडलेला आणि पुढे सरदार या नावाने देशभर पसरलेला लखनौ-49 पेरू हिवाळ्यात स्वस्त असतो, नेमक्या त्याच दिवसांत पालक आणि मेथीही भरपूर व स्वच्छ मिळते. निसर्गाने जुळवून दिलेली ही जोडी कारखान्यातून आणलेल्या कोणत्याही भुकटीपेक्षा चांगली आहे.

केळे दाटपणा व गोडी देते, परंतु त्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर काही उपयुक्त घटकांचा नाश करते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात केळे घातलेले पेय प्यायल्यावर रक्तातील फ्लॅव्हॅनॉल, केवळ कॅप्सूल घेण्याच्या तुलनेत, 84 टक्क्यांनी कमी आढळले. द्राक्षे, सफरचंद किंवा बेरीवर्गीय फळांतील फ्लॅव्हॅनॉल हाच उद्देश असेल तर केळे टाळावे. लोह, तंतू आणि पोटभरणी हा उद्देश असेल तर केळ्याला हरकत नाही. जळगाव, सोलापूरच्या केळी उत्पादकांनी या वृत्ताने बिचकण्याचे कारण नाही.

अननस दह्यात किंवा दुधात वाटून ठेवल्यास पेय कडू होते, कारण त्यातील ब्रोमेलेन दुधाच्या प्रथिनांचे विघटन करते. पपईचेही थोड्या प्रमाणात तसेच होते. ही फळे पाणी किंवा नारळपाण्याबरोबर वापरावीत अथवा दही घातल्यास तत्काळ प्यावे.

या पेयाकडून अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. प्रौढ स्त्रीला दररोज 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. 40 ग्रॅम माठातून मिळते सुमारे 1.8 मिलिग्रॅम. स्मूदी ही आहारातील चांगली भर आहे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची जागा ती घेऊ शकत नाही, आणि महिला मेळाव्यांत तसे सांगितले जाऊ नये. न्याहारीबरोबर चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकलावा. चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते. दह्यातील कॅल्शियमही काही अंशी तेच करते. त्यामुळे मूतखड्याचा पूर्वेतिहास असेल तेथे दही अवश्य घालावे, आणि लोहावर भर द्यायचा असेल तेथे दह्याऐवजी पाणी व भाजलेले शेंगदाणे घ्यावेत. एकाच पेल्यात दोन्ही उद्देश पूर्णपणे साधत नाहीत.

दोन व्यक्तींसाठी कृती

पाने 70 ते 80 ग्रॅम, मध्यम पेरू एक, पिकलेले केळे एक, घट्ट दही 100 ग्रॅम किंवा भाजलेले शेंगदाणे 15 ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस, उकळून गार केलेले पाणी 200 मिलिलिटर आणि चवीपुरते जिरे व सैंधव.

पेरूच्या फोडी निम्म्या पाण्यासह मिक्सरमध्ये फिरवून जाड चाळणीवर घासाव्यात, म्हणजे बिया वेगळ्या होतात. बिया न काढता पेय केले तर कुटुंबातील वृद्ध मंडळी ते दुसऱ्यांदा घेत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे. उरलेल्या पाण्यात आधी फक्त पाने वाटावीत. फळाबरोबर टाकलेल्या पानांचे धागे राहतात आणि पेय घशाला लागते. पाने एकजीव झाल्यावर पेरूचा गर, केळे व दही किंवा शेंगदाणे घालून थोडा वेळच फिरवावे. मिक्सर सलग चालवल्याने मिश्रण तापते आणि क जीवनसत्त्व घटते. लिंबाचा रस शेवटी घालावा. आम्लामुळे फळ काळे पडणे लांबते, पण हरितद्रव्याचा रंग हळूहळू शेवाळी होतो. पेय ठेवून देण्यासाठी नाही, हेच त्यातून कळते. तयार झाल्यापासून अर्ध्या तासात ते संपवावे. गाळू नये, अन्यथा तंतू जाऊन फक्त साखरपाणी उरते. साखर किंवा गूळ घालण्याची गरज पिकलेल्या केळ्याने राहत नाही. शेंगदाणे किंवा दह्यावरील सायीमुळे स्निग्धांश मिळतो आणि पानांतील बीटा कॅरोटीन शोषले जाण्यास त्याची आवश्यकता असते.

हिरव्या पेयात दुधी भोपळा किंवा काकडी घालण्याची प्रथा आहे. घालण्यापूर्वी प्रत्येक फळाचा एक तुकडा चाखून पाहावा आणि कडवट लागल्यास ते फळ टाकून द्यावे. कडू दुधीतील कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य आहे. कडू दुधीच्या रसाने मृत्यू ओढवल्याच्या घटना देशात घडल्या असून आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने याबाबत सावधगिरीची सूचना दिलेली आहे. गोड फळात मिसळल्यावर कडवटपणा झाकला जातो, म्हणून चाखणे आधीच करावे.

शेतातील जबाबदारी

2006 साली अमेरिकेत पिशवीबंद कच्च्या पालकातून ई. कोलाय ओ157 या जिवाणूचा उद्रेक झाला. सुमारे 200 लोक आजारी पडले आणि तिघे दगावले. तपास कॅलिफोर्नियातील शेतापर्यंत पोहोचला आणि तेथील गुरांच्या व रानडुकरांच्या विष्ठेत तोच जिवाणू सापडला. तो पालक धुतलेला होता. धुण्याने जंतूंची संख्या घटते, पण पानांच्या सुरकुत्यांत आणि कापलेल्या कडांत अडकलेले जंतू धुण्याने पूर्ण जात नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नाचे केंद्र शेणखत आहे. अमेरिकेतील सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो, त्यात ताजे शेण काढणीपूर्वी किमान 120 दिवस आधी मातीत मिसळलेले असावे लागते. पालक पेरणीपासून 25 ते 30 दिवसांत खुडणीला येतो. गणित सरळ आहे : पालेभाजीत ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण कोणत्याही मुदतीत बसत नाही. पूर्ण कुजलेले कंपोस्टच वापरावे. ढीग पद्धतीत कंपोस्टचे आतील तापमान 15 दिवस 55 अंश सेल्सिअसच्या वर राहणे आणि त्या काळात किमान पाच वेळा ढीग पालटणे, ही त्याच नियमांतील कसोटी असून ती येथेही उपयोगी पडेल. साधा दांडी असलेला तापमापक गटाने मिळून घेतला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही.

जीवामृताविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण नैसर्गिक शेती करणारेच शेतकरी ‘कच्चे खाण्यास योग्य’ म्हणून आपली पालेभाजी विकू पाहतात. जीवामृत ताज्या शेणापासून काही दिवसांत तयार होते. त्यात जंतुनाशक उष्णतेचा टप्पा नसतो. जमिनीतून देणे एक वेळ ठीक, पण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर त्याची फवारणी करणे योग्य नाही. रासायनिक अंश नसणे आणि जंतूंपासून सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहक त्या एकच मानतो, उत्पादकाने मानू नयेत.

पाण्याबाबतही तडजोड चालत नाही. मोठ्या शहरांच्या कडेला सांडपाण्यावर पालेभाजी पिकवण्याची पद्धत जुनी आहे. हैदराबादजवळ मुसी नदीच्या काठची आणि मुंबईत लोहमार्गालगतची पालेभाजी ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. अशा पाण्यातून जिवाणूंबरोबर कृमींची अंडीही पानांवर येतात. डुकरातील पट्टकृमीची अंडी मानवी विष्ठेतून भाजीवर पोहोचतात आणि शरीरात गेल्यास मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. मांस कधीही न खाणाऱ्यांनाही हा आजार होतो, तो याच मार्गाने. कच्चे पान विकायचे असेल तर विहिरीचे किंवा कूपनलिकेचे तपासलेले पाणी वापरावे, तुषार सिंचनाऐवजी ठिबक घ्यावे आणि खुडणी करणाऱ्या मजुरांसाठी शेताजवळ शौचालय व साबणाची सोय करावी. शेवटची बाब खर्चाच्या मानाने सर्वांत परिणामकारक आहे, आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

कीडनाशकांच्या बाबतीत पालेभाज्यांसाठी लेबल क्लेम असलेली औषधे मोजकीच आहेत. दोन खुडण्यांमधील अंतर 15 ते 20 दिवसांचे असल्याने प्रतीक्षा काळ पाळणे अवघड जाते. त्यामुळे किडीसाठी जाळीचे आच्छादन, चिकट सापळे आणि प्रादुर्भाव वाढल्यास फवारणीऐवजी वेळेआधीच खुडणी, हा क्रम अधिक व्यवहार्य ठरतो. खुडणीच्या तोंडावर युरियाचा हप्ताही देऊ नये. पानांत, विशेषतः देठांत, नायट्रेट साठते. ढगाळ हवामानात ते अधिक साठते, कारण त्याचे रूपांतर करणाऱ्या विकराला प्रकाश लागतो. दुपारनंतर खुडलेल्या पानांत नायट्रेट कमी, पहाटे खुडलेल्या पानांत टवटवी जास्त. बाजार पहाटेचीच मागणी करतो. घरच्या वापरासाठी मात्र सायंकाळी खुडून, देठ काढून, ओल्या कापडात गुंडाळून ठेवलेली पाने सकाळच्या पेयास उत्तम.

धुताना जुडी सोडून, मुळे कापून, एकेक मूठ पाने भरपूर पाण्यात तीन वेळा बुडवून काढावीत; पाणी ओतून टाकण्याऐवजी पाने वर उचलावीत, म्हणजे तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येत नाही. विक्रीसाठी पॅकिंग करणाऱ्या गटांनी खाद्यश्रेणीचे सोडियम हायपोक्लोराइट वापरावे : 4 टक्के तीव्रतेचे 2.5 मिलिलिटर द्रावण 1 लिटर पाण्यात घेतल्यास 100 पीपीएम क्लोरीन मिळते. त्यात पाने दोन ते पाच मिनिटे बुडवून नंतर पिण्याच्या पाण्याने खळखळून घ्यावीत. फरशी धुण्याचे सुगंधी द्रावण या कामी वापरू नये. स्टॉलवर तयार पेय विकणाऱ्या बचत गटांना अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी बंधनकारक आहे.

पावसाळ्यात, विशेषतः जमिनीलगतची पालेभाजी कच्ची घेऊ नये. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य मानण्याच्या रूढीमागे जे काही असेल ते असो, चिखलाचे शिंतोडे आणि पुराचे पाणी हे कारण आजही खरे आहे. या काळात उकळत्या पाण्यातून काढलेली पाने किंवा जमिनीपासून उंच असलेला शेवग्याचा पाला वापरावा. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे पेय सुरू करावे. पानांतील के जीवनसत्त्वाचे प्रमाण अचानक वाढल्यास वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. गर्भवती महिला व लहान मुले यांच्यासाठी पाने नेहमी उकळत्या पाण्यातून काढूनच घ्यावीत.

प्रात्यक्षिक घेताना मिक्सरपासून सुरुवात न करता पारदर्शक काचेच्या भांड्यापासून करावी. बाजारातून आणलेली पालकाची एक जुडी सर्वांसमोर तीन वेगवेगळ्या भांड्यांत क्रमाने धुवावी आणि तिन्ही भांडी दहा मिनिटे स्थिर ठेवावीत. तिसऱ्या भांड्याच्या तळाशी साचलेला गाळ पाहिल्यावर शेणखत, पाणी आणि खुडणी यांविषयीचे प्रश्न उपस्थितांकडूनच येऊ लागतात; पाककृती त्यानंतर दाखवावी.